भिंतीवरची यादी

ज्या घरात यादी नाही ते घर एक तर फार श्रीमंत असले पाहिजे, नाही तर त्यात एकच माणूस राहत असले पाहिजे. श्रीमंताला हवे ते हवे तेव्हा आणता येते आणि एकट्याला आपली गरज स्वतःपाशीच बोलायची असते. बाकी तुम्हाआम्हा सर्वांचा संसार यादीवर चालतो. वाण्याची यादी, धोब्याची यादी, लग्नातल्या अहेराची यादी, अशा याद्यांचे अनेक प्रकार आहेत. परंतु ह्या सर्वांत मानाची यादी एकच, ती म्हणजे दिवाळीची. वाण्याच्या यादीत घराला काय लागते ते कळते. दिवाळीच्या यादीत घरातल्या माणसांना काय हवे आहे ते कळते. ह्या दोहोंत किती अंतर आहे ते ज्यांनी महिनाअखेरीस हिशेब केला आहे त्यांना सांगायला नको.

आमचे गाव इंझोरी. वाशीम जिल्हा, मानोरा तालुका. बंजारा समाजाचे तीर्थस्थान पोहरादेवी आमच्याच तालुक्यात. माझे माहेर अमरावतीचे. २००० साली लग्न होऊन मी इथे आले तेव्हा वाशीम जिल्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून तो वेगळा झाला. माहेरच्या वडीलधाऱ्यांच्या हाताला मात्र जुनीच सवय, त्यामुळे पहिली काही वर्षे माझी पत्रे ‘जिल्हा अकोला’ असा पत्ता मिरवीत यायची. पोस्टमन समजूतदार होता म्हणून ती पोचली. सासूबाईंना घरात आम्ही सगळे ‘माय’ म्हणतो. माय मोठ्या अभिमानाने सांगायची, “मी चुलीपासून हालली नाई, पन दोन जिल्हे पाह्यले!” तिचे माहेर मूर्तिजापूरकडचे. लग्न होऊन आली तेव्हा वऱ्हाड शकुंतलेने कारंज्यापर्यंत आले आणि तिथून पुढे बैलगाड्यांनी इंझोरीला. मूर्तिजापूर-यवतमाळ ह्या अरुंद रुळांवरून ती गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत असे. मायच्या शालूला त्या इंजिनातल्या ठिणग्यांनी पडलेली दोन बारीक भोके आहेत. तिच्या लग्नाचा फोटो नाही, ही भोकेच काय ती आठवण.

यादीची चाल आमच्या घरात मामंजींनी पाडली. मामंजी शेतकरी खरे, पण स्वभावाने वकील. पोळा झाला की ते कॅलेंडरचे एक जुने पान उलटे करून ओसरीतल्या खिळ्याला अडकवीत. शेजारी सुतळीला बांधलेली पेन्सिल लोंबत असे. मग ते घराला नियम वाचून दाखवीत. नियम तीनच. पहिला, ज्याला जे हवे ते त्याने स्वतः लिहावे, दुसऱ्याने हसू नये. दुसरा, यादीवर घरात भांडण चालेल, जेवताना चालणार नाही. तिसरा आणि सर्वांत कडक नियम असा की, ज्याने लिहिले त्यानेच खोडावे, दुसऱ्याच्या ओळीला कोणी पेन्सिल लावू नये. मामंजी जाऊन आता पंधराहून अधिक वर्षे झाली. ते गेल्यावर घरातल्या पुष्कळ गोष्टी बदलल्या. चूल जाऊन गॅस आला, बैलजोडी विकली, ओसरीला फरशी बसली. पण खिळा, पान आणि पेन्सिल तिथेच आहेत. कायदा करणारा माणूस गेल्यावरही कायदा चालू राहतो, त्याचा अनुभव मी घरातच घेतला.

आता ह्या यादीवर काय काय असते म्हणाल, तर सगळे काही असते. आमचे धाकटे चिरंजीव सातवीत आहेत. त्यांची ‘सायकल’ पानाचा एक चतुर्थांश भाग अडवते, कारण अक्षर मोठे असले की वस्तू लवकर येते असा त्यांचा समज आहे. थोरली अमरावतीला कॉलेजात शिकते. ती सुट्टीत आली की बारीक, नीटस अक्षरात एक ओळ लिहिते आणि जाताना स्वतःच ती खोडून जाते. भाऊजी पुण्याला नोकरीला असतात. ते फोनवरून सांगतात, “वहिनी, माझ्या नावानं धापोडे लिहा.” जाऊबाई मागून ओरडतात, “आणि ज्वारीचं पीठ!” ‘हे’ मात्र एकच शब्द लिहितात आणि तो म्हणजे ‘इतर’. चोवीस वर्षे मी ह्या ‘इतर’चा अर्थ शोधते आहे. कधी त्यातून मोटारीच्या पंपाची दुरुस्ती निघते, कधी कृषी केंद्राची उधारी, तर कधी कोणाच्या लग्नाचा अहेर. संसारातले सगळे मोठे खर्च ‘इतर’मध्येच दडून बसलेले असतात.

आणि पेन्सिल! ती सुतळीला बांधलेली असते, तरी ऐन वेळी तिचे टोक मोडलेले असते. टोक करायचे यंत्र दप्तरात, दप्तर शाळेत आणि शाळेला सुट्टी. चाकूने टोक करायला बसावे तर चाकू शेतात गेलेला. घरातल्या वस्तू आपल्याला हव्या असतात त्या क्षणी त्यांना गावाला जायचे असते. हे दुःख शहरातल्या माझ्या मैत्रिणींनाही ठाऊक असेल. तुमच्याकडे कात्री अशीच गावाला जाते, हो ना?

धापोड्यांवरून आठवले. भाऊजींना वाटते, गाव म्हणजे ज्वारी. मायच्या उमेदीच्या काळात ते खरे होते. आता आमच्या शेतात पाच एकर सोयाबीन आणि त्यात तुरीचे तास. ज्वारी आम्हीही बाजारातूनच आणतो. ती दळून, आंबवून, शिजवून मी धापोडे घालते आणि ते पुण्याला ‘गावचे’ म्हणून जातात. गंमत अशी की, ज्या सोयाबीनवर आमचे घर चालते, ते घरात कोणी खात नाही. ज्वारी होती तेव्हा दाणा माणसाला आणि कडबा गुरांना. सोयाबीन पोत्यात भरून बाहेर जाते, गिरणीत त्याचे तेल निघते आणि ते तेल पिशवीत बसून परत आमच्याच चकल्या तळायला येते. शंभर किलो दाण्यांतून तेल निघते अठरा-वीस किलोच. बाकीची पेंड कोंबड्या-गुरांच्या खाद्याला जाते. माय म्हणते, “हे पीक म्हन्जे पाहुना हाय. येते, पैसे ठेवते, न जाते.”

पैसे किती ठेवून जाईल, हे मात्र पाहुण्याच्या मनावर. शहरात पगार पहिल्या तारखेला येतो. आमचा पगार येतो तो मृगाच्या पावसावर पेरलेला दाणा शंभरेक दिवसांनी सोंगून, सुडी लावून, मळणीयंत्रातून काढून आणि वाळवून. त्यामुळे यादी लिहायची पोळ्याला आणि ती किती खरी ते कळायचे दसऱ्यानंतर. २०२१ सालची गोष्ट सांगते. ऑगस्टमध्ये सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांवर गेला. गावात जो तो हसऱ्या चेहऱ्याने हिंडत होता. ह्यांनी त्या वर्षी ‘इतर’ लिहिले नाही, चक्क ‘फ्रिज’ लिहिले. पण ऑगस्टमध्ये शेतकऱ्याच्या घरात सोयाबीन असते कुठे? ते शेतात हिरवे उभे असते. आमचे घरी येईपर्यंत भाव निम्म्यावर आला होता. ह्यांनी काही न बोलता ‘फ्रिज’ खोडले आणि त्याच्याखाली ‘माठ’ लिहिले. नियमाप्रमाणे कोणी हसले नाही. पण जेवताना धाकट्याने पाणी मागितले तेव्हा मायलाच प्रथम हसू फुटले.

मायबद्दल आता नीट सांगितले पाहिजे. मायला लिहिता येत नाही. म्हणून यादीवर तिची ओळ कधी नसायची. विचारले तर म्हणायची, “मले काय लागते व? दोन लुगडी हायेत.” परंतु घरात तिचे एक पद होते आणि ते फार मोठे होते. दाणा वाळला की नाही हे ती ठरवीत असे. सरकारी खरेदीत सोयाबीनमध्ये शेकडा बारापेक्षा अधिक ओलावा चालत नाही. तिथे तो मोजायला यंत्र असते. आमच्या घरी यंत्र म्हणजे मायचे दात. अंगणात ताडपत्रीवर दाणे पसरलेले असायचे. माय खाली बसून चिमूटभर उचलायची, एक दाणा दाढेखाली धरायची. ‘कट्’ असा कोरडा आवाज आला आणि दाण्याचे दोन तुकडे झाले की माल तयार. दाणा दबला, चिकटला, की म्हणायची, “अजून दोन उन्हं द्या.” तिचा निवाडा आणि खरेदी केंद्रावरचे यंत्र ह्यांत फारसा फरक पडलेला मी पाहिला नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात मायचा शेवटचा दात पडला.

तिने त्याचे काही वाटून घेतले नाही. भाकर वरणात कुस्करून खाऊ लागली. पण ऑक्टोबर आला, सोयाबीन अंगणात आले आणि घराला न्यायाधीश उरला नाही. हे म्हणत, “वाळलं.” मी म्हणे, “नाही वाळलं.” ह्यांनी एक दाणा चावला आणि कोरडा म्हणून सांगितला. मी दुसरा चावला, तो ओला निघाला. ताडपत्रीच्या ह्या टोकाचा दाणा त्या टोकाच्या दाण्याशी सहमत होईना. वरून पावसाचे शिंतोडे. दिवसातून तीन वेळा ढीग झाकायचा आणि तीन वेळा उघडायचा. नवरा-बायकोच्या भांडणाला कारण लागत नाही असे म्हणतात, पण त्या पंधरवड्यात आम्हाला तीस क्विंटल कारण मिळाले होते.

माय ओसरीत बसून सारे ऐकत होती. थोरली दिवाळीसाठी आली, त्या रात्री तिने नातीला जवळ बोलावले आणि यादीकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, “माह्या नावानं एक लिह्य.”

“काय लिहू आजी?”

“दात.”

थोरलीने लिहिले. घराच्या यादीवर मायची ही पहिलीच ओळ.

ह्यांनी कवळीची चौकशी केली. खर्च दहा हजारांच्या घरात निघाला. इकडे थोरलीच्या वसतिगृहाचे पैसे दिवाळी झाल्याबरोबर भरायचे होते. त्या वर्षी सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये ठरविला होता. पण हमीभावाला बारा टक्क्यांची अट आणि आमचा माल ओला. मजुरी थांबत नाही, मळणीवाला थांबत नाही आणि वसतिगृह तर मुळीच थांबत नाही. शेवटी ह्यांनी बारा क्विंटल खुल्या बाजारात ४,००० रुपयांनी देऊन टाकले. आलेल्या ४८,००० रुपयांतून देणी गेली, वसतिगृहाचे पैसे गेले आणि फराळाचे सामान आले. थोरली हिशेबात पक्की. तिने यादीच्या कोपऱ्यात गणित मांडले. क्विंटलमागे ८९२ रुपये कमी, बारा क्विंटलांचे १०,७०४. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “आई, आजीचे दात ओलाव्यानं खाल्ले.”

मायने ते ऐकले. कान तिचे शाबूत आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे घरात असताना ती उठली, खिळ्यापाशी गेली आणि थोरलीला म्हणाली, “पोरी, ते माहं काटून टाक. तुह्या कालेजाचे पुढचे पैसे येतीलच ना आता. मले वरन तं गिळताच येते.”

“मी नाही काटणार.”

“काऊन? म्याच तं लिह्याले सांगतलं.”

“सांगितलं तू, पण अक्षर कोणाचं आहे? माझं. ज्यानं लिहिलं त्यानंच खोडायचं. आजोबांचा नियम आहे.”

माय क्षणभर गप्प राहिली. तिने ह्यांच्याकडे पाहिले. ह्यांनी वर्तमानपत्र डोळ्यांपुढे धरले, ते आदल्या दिवशीचे होते. तिने माझ्याकडे पाहिले, मी चकलीच्या भाजणीत पाणी घालू लागले. मामंजी असते तर ह्या खटल्यात त्यांनी काय निकाल दिला असता कोण जाणे. लिहून घेणारा मोठा की सांगणारा? पण मामंजी नव्हते आणि त्यांचा कायदा नातीच्या बाजूने बोलत होता. माय पेन्सिलीपाशी थोडा वेळ उभी राहिली. तिने ती हातात घेतली, उलटी-सुलटी करून पाहिली आणि पुन्हा सुतळीवर सोडून दिली. स्वतःला रेघ ओढता आली असती, त्याला काही अक्षरे यावी लागत नाहीत. पण ती ओळ नातीची होती. “शिकून वकील झाली,” एवढे पुटपुटून ती ओसरीत जाऊन बसली. तिचा आवाज रागाचा नव्हता हे मला स्वयंपाकघरातूनही कळले.

त्या वर्षीची दिवाळी काटकसरीची, पण छान झाली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी थोरली तिच्या तांड्यावरच्या मैत्रिणीकडे गेली. बंजाऱ्यांच्या तांड्यावर अमावास्येच्या त्या रात्री लग्न न झालेल्या मुली हातांत दिवे घेऊन घरोघर वडीलधाऱ्यांपुढे जातात आणि गाणे म्हणत ओवाळतात. त्याला ‘मेरा’ म्हणतात. अंधारातून दिव्यांची ती रांग चालू लागली की पाहत राहावे. पाडव्याला अंगणात शेणाचे गोधन मांडले. बैल नसले तरी एक गाय आहे, तिच्या शिंगांना धाकट्याने गेरू लावला आणि निम्मा स्वतःच्या सदऱ्याला. भाऊजी-जाऊबाई भाऊबीजेपर्यंत राहिले. मायने चकली पाण्यात भिजवून खाल्ली आणि कुरकुरीत झाली आहे म्हणून सांगितले. ते तिला आवाजावरून कळले होते. तिच्या शेजारी बसून धाकटा खात होता.

नोव्हेंबरच्या मध्यास सरकारने त्या हंगामापुरती ओलाव्याची मर्यादा बारावरून पंधरा टक्क्यांवर नेली. फराळाचे डबे तोवर रिकामे झाले होते. पण आमचे अठरा क्विंटल घरात होते. तोपर्यंत ते चांगले वाळलेही होते. ते हमीभावाने गेले, ८८,०५६ रुपये. पैसे खात्यावर पडायला जानेवारी उजाडला. पीककर्जाचा हप्ता, तुरीच्या सोंगणीची मजुरी, बाकीचे ‘इतर’, असे जाता जाता दहा हजार ह्यांनी बाजूला काढले. एकाही शब्दाने बोलले नाहीत. मायला घेऊन कारंज्याला चार फेऱ्या केल्या आणि चौथ्या फेरीला माय दात लावून घरी आली.

तुम्हाला वाटेल, आता सारे गोड झाले. कवळीचा अनुभव ज्यांच्या घरी आहे त्या वाचकांना मात्र असे काही वाटणार नाही. पहिल्या दिवशी मायने आरशात पाहिले आणि म्हणाली, “हे बाई कोन व?” दुसऱ्या दिवशी भाकर खाल्ली आणि कवळी वाटीत काढून ठेवली. “दुसऱ्याची चप्पल घातल्यावानी वाट्टे.” आठवडाभरात ठरले की दात लग्नाकार्याला आणि फोटोला. एरवी वरण-भाकर बरी. थोरलीने फोनवर विचारले, “आजी, चावता येतं ना?” मायने भरल्या वाटीकडे पाहत सांगितले, “मस्त येते.”

पण एका कामासाठी मात्र ती दात लावून अंगणात आली. तूर वाळत पडली होती. माय ताडपत्रीपाशी बसली, पदराने तोंड पुसले, एक दाणा उचलून नव्या दाढेखाली ठेवला. आम्ही दोघे श्वास रोखून उभे. आवाज झाला, पण तो दाण्याचा नव्हता. खालची कवळी सरकून दाण्यासकट हातात आली. ह्यांनी तोंड फिरविले, मी पदर तोंडाला लावला. माय मात्र मुळीच ओशाळली नाही. कवळी तिने वाटीत ठेवली आणि हाक मारली, “अरे, इकडे ये बरं बाप्पा. एक दाना घे. तू चाव, मी आयकतो.”

धाकटा उकिडवा बसला. त्याने दाणा दाढेखाली धरला. मायने डोळे मिटून कान त्याच्या गालाशी नेला. ‘कट्’ आवाज झाला. तिने मान हलविली. दुसऱ्या टोकाचा दाणा आणायला सांगितला. पुन्हा ऐकले. मग डोळे उघडून ह्यांना म्हणाली, “ह्या कडेची भरा. त्या कडेले अजून एक ऊन.”

आम्ही तेवढे केले. पुढच्या पोळ्याला नवे पान खिळ्याला लागले तेव्हा पहिली ओळ थोरलीच्या बारीक, नीटस अक्षरात होती. माय सांगत होती आणि ती लिहीत होती, “झाकणाची डबी, दात ठेवायला. एक.”